अण्णांच्या सळीचं भोक

त्या दिवशी मी काही भलतंसलतं करायला गेलो नव्हतो. गालिचा अंथरायला गेलो होतो, एवढंच. दुपारचे बारा वाजले असतील. तो दिवा जरा इकडे सरकवा, डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत… हां, बस्स. आता सांगतो. मध्ये काही विचारू नका, नाहीतर माझा धागा सुटतो.

ऑर्केस्ट्रात मी एकतीस वर्षं काढली. हे ऐकलं की लोक आदरानं बघतात आणि विचारतात, काय वाजवायचात? काहीच नाही. मी खुर्च्या मांडायचो. माझी भाची मला मामा म्हणते, तिचं ऐकून सगळा ऑर्केस्ट्रा मला मामा म्हणायला लागला. आणि मामा म्हटल्यावर मामा बनवणारेही भेटतातच. ज्याचा सूर चुकायचा तो हटकून म्हणायचा, "मामा, खुर्ची डुगडुगतेय." नाचता येईना अंगण वाकडं. मी आपला खाली वाकून खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सरकवल्यासारखं करायचो. पुढच्या वेळी सूर बरोबर लागायचा.

तंतुवाद्यांच्या खुर्च्या साठ. पहिली व्हायोलिनं सोळा, दुसरी चौदा, व्हायोला बारा, चेलो दहा, आणि सगळ्यात मागे उंच स्टुलांवर आठ डबल बास. दोन माणसांत एक स्टँड, त्यावर एकच कागद. बाहेरच्या खुर्चीवरचा वाजवत राहतो, आतल्या खुर्चीवरचा पान उलटतो. गज, म्हणजे तारेवर फिरवायची ती लांब काठी, कुठे वर जाणार, कुठे खाली येणार, हे व्हायोलिनांतल्या पहिल्या खुर्चीच्या बाई ठरवायच्या. मग प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं तशा खुणा व्हायच्या. पहिल्यांदा मी ते विंगेतून पाहिलं तेव्हा हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिलो. साठ गज एकदम वर, साठ गज एकदम खाली, आणि कुणी कुणाकडे बघत नाही! मला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू?

तालीम संपली की मी झाडू घ्यायचो. कोण कसं वाजवतं ते मला जमिनीवरून कळायचं. गजाला राळ लावतात ना, म्हणजे गजाचे घोड्याचे केस तारेला धरतात, त्या राळेची भुकटी खाली पडते. व्हायोलिनांखाली ती पिठासारखी बारीक. डबल बासांखाली तिचे चिकट खडे, झाडूला लागले की निघायचे नाहीत. जो गज दाबून वाजवतो त्याच्या खुर्चीखाली तुटलेले केस जास्त. व्हायोलावाल्यांखाली मात्र खोडरबराचा चुरा. त्यांची सगळेच टिंगल करतात. व्हायोलावाला वेळेवर आला तर समजावं घड्याळ मागे आहे, असं आमच्याकडे म्हणायचे. बिचारे हसायचे आणि वाजवायचे फार गोड.

आणि चेलोंखाली भोकं.

चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, त्याच्या बुडातून एक टोकदार लोखंडी सळी निघते. ती लाकडी स्टेजमध्ये रोवून वाजवायचं, नाहीतर वाद्य पुढे घसरतं. त्यामुळे चेलोवाल्यांच्या जागेत स्टेजला देवीचे व्रण असल्यासारखी भोकं पडतात. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती लाकडाचा भुसा आणि सरस घालून बुजवायचो. सुट्टी संपली की नवी भोकं, थोडी इकडे, थोडी तिकडे. फक्त एक भोक कधी हललं नाही. ते अण्णांचं होतं.

अण्णा चेलोच्या दुसऱ्या स्टँडवर, आतल्या खुर्चीवर बसायचे. बोलणं अगदी कमी. आले की म्हणायचे, "मामा, खुर्ची एक बोट मागे." मी एक बोट मागे घ्यायचो. मग ते न बघता सळी टेकवायचे आणि ती बरोबर त्याच भोकात जायची. डाव्या मनगटाला निलगिरीचं तेल चोळलेलं असायचं, म्हणून त्यांच्या खुर्चीला कायम तो वास. आणि वाजवायला लागले की… कसं सांगू? गजाला लांबी असते. टोकापर्यंत गेला की परत फिरवावा लागतो, आणि फिरताना आवाजाला बारीकशी शिवण दिसते. भल्याभल्यांची दिसते. अण्णांची दिसायची नाही. डोळे मिटून ऐकलं तर वाटायचं, या माणसाचा गज मैलभर लांब आहे.

त्यांची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रत्येक चेलोत एक सूर असा असतो, की तो लागला की लाकूड आणि तार एकमेकांशी भांडायला लागतात. आवाज गुरगुरतो, फाटतो. वाजवणारे त्याला लांडगा म्हणतात. कुणी तारेला धातूची नळी अडकवतं, कुणी तो सूर चोरून वाजवतं. अण्णा त्या सुराच्या जरा आधी गुडघ्यांनी चेलोच्या कुशी हलकेच दाबायचे. लांडगा गप्प. कार्यक्रम चालू असताना विंगेतून मी ते किती वेळा बघितलंय. काळी पँट किंचित हलायची, बस्स.

त्या दिवसाच्या आधीच्या हिवाळ्यात अण्णा झोपेतच गेले. जागा रिकामी झाली. मी भोक बुजवलं. आठ दिवसांनी बघतो तर भुसा आत बसलेला, भोक उघडं. पुन्हा भरलं, पुन्हा बसलं. मला वाटलं, सरस पातळ झाला असेल. तेव्हा तेवढंच वाटलं.

आता माझ्या भाचीचं. तिला घरात चिमणी म्हणतात. माझ्या बहिणीनं शिवणकाम करून तिला शिकवलं. चेलो जुना घेतला होता, आवाजाला चांगला, पण त्यातला लांडगा महाखट. ऑर्केस्ट्रात जागेसाठी परीक्षा असते आणि नियम असा की तीनदाच बसता येतं. दोनदा ती बसली. दोन्ही वेळा संथ तुकड्यातल्या एका लांब सुरावर तिचा लांडगा उठला, आणि त्यानंतर तिचा हात जो थरथरायला लागला तो थांबलाच नाही. गज थरथरला की सगळं उघडं पडतं, ते लपवता येत नाही. अण्णांच्या जागेसाठी परीक्षा लागली, ती तिची तिसरी आणि शेवटची. या वेळी नाही जमलं तर दार कायमचं बंद. बहीण मला फोनवर म्हणाली, "दादा, ती रात्री उठून बसते रे. काही तरी कर."

मी काय करणार? खुर्ची मांडणार.

परीक्षेची पद्धत तुम्हाला ठाऊक नसेल. वाजवणारा दिसू नये म्हणून स्टेजच्या तोंडाशी जाड मखमली पडदा सोडतात. पडद्यापलीकडे प्रेक्षागृहात पाच परीक्षक. अलीकडे स्टेजवर उमेदवार आणि एक माणूस, म्हणजे मी. चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष कळू नये म्हणून विंगेपासून खुर्चीपर्यंत जाड गालिचा, आणि तरीही सगळे अनवाणी. उमेदवाराला नाव नाही, नंबर. मी फक्त नंबर पुकारायचा. बाकी मूग गिळून उभं राहायचं.

चिमणी माझी भाची आहे हे मी पहिल्या खुर्चीच्या बाईंना आधीच लिहून दिलं होतं. मुख्य परीक्षक त्याच. हसल्या. म्हणाल्या, "मामा, तुम्ही थोडंच वाजवून देणार आहात? पण ध्यानात ठेवा. ती बोलली तर तिची जागा गेली, तुम्ही बोललात तर तुमची नोकरी."

"तोंडाला कुलूप, बाई," मी म्हणालो.

पाच उमेदवार होते. प्रत्येकाला आवडेल तिथे सळी रोवता येऊ नये, सगळ्यांना सारखं असावं, म्हणून मी भोक पाडलेली एक फळी ठेवली होती. पहिले दोघे तिच्यावर नीट वाजवून गेले. तिसऱ्याच्या वेळी भर तुकड्यात फळी सरकली. सळी करकर करत लाकडावरून घसरली, तो बिचारा वाद्य सावरता सावरता कोलमडला. पडद्यापलीकडे कुणी तरी चुकचुकलं. तो गेला. पुढचा नंबर चार. चार म्हणजे चिमणी.

तेव्हा मी ते केलं. चूक म्हणा, लबाडी म्हणा. मी फळी उचलून बाजूला ठेवली, आणि खुर्ची अण्णांच्या जागेवर मांडली. त्या भोकातून सळी कधी घसरत नाही हे मला एकतीस वर्षांत पुरतं ठाऊक होतं. दुसरा काही विचार नव्हता मनात. मेलेल्या माणसाच्या जागी आपण जिवंत पोर बसवतोय, हे खरंच सुचलं नाही. आणि गंमत बघा, खुर्ची ठेवून झाल्यावर माझा हात आपोआप गेला आणि मी ती एक बोट मागे घेतली.

"नंबर चार," मी पुकारलं.

ती गालिच्यावरून आली. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनीच बस म्हटलं. तिनं सळी टेकवली. सळी साधारण पेरभर जाते. त्या दिवशी ती जातच राहिली… चांगली बोटभर आत गेली, आणि कुणी तरी खालून धरल्यासारखी थांबली. चिमणीनं दचकून खाली बघितलं. मग तारा सुरात लावायला घेतल्या. चारही तारा एकदम लागल्या, एकही खुंटी फिरवावी लागली नाही.

स्टेजवर एकच कामाचा दिवा होता. वर, लांब. बाकी सगळा काळोख, बाहेर लख्ख ऊन असूनही. त्या इमारतीच्या पोटात दिवस शिरतच नाही. पडद्याच्या जुन्या मखमलीचा धुळकट वास. पलीकडून एक खोकला, मग काही नाही.

पहिला तुकडा जलद होता. तिनं सुरुवात केली. गज थरथरत होता. आवाज बारीक, घाबरलेला. तीन ओळी गेल्या. चौथी सुरू झाली… आणि मला वास आला.

निलगिरीचा.

मी आजूबाजूला बघितलं. विंगेत कुणी नव्हतं. पण आवाज बदलला होता. आधी मला वाटलं, पोरीला धीर आला. मग मी नीट बघितलं. सुराला डोल द्यायला तिच्या डाव्या हाताचं बोट तारेवर भराभर हलत होतं, तिची सवयच तशी. आणि ऐकू येत होतं ते मात्र सावकाश, रुंद, डोलणारं. तिचा गज मध्यावर होता आणि आवाज बुडापासून ओढल्यासारखा भरदार. गज टोकाला गेला, मी डोळ्यांनी पाहिलं, तो परत फिरला. पण आवाजाला शिवण पडली नाही.

माझ्या अनवाणी तळव्यांखाली लाकूड गुणगुणत होतं. आवाज चेलोतून येत नव्हता हो… जमिनीतून वर येत होता, सळीतून.

चिमणीनं वाजवता वाजवता माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी विसरणार नाही. ऐकतोयस ना, असं विचारत होते. मी मान हलवली. खरं सांगू? भीतीबरोबर मला आनंदही होत होता. हिवाळ्यापासून तो आवाज ऐकला नव्हता. पुन्हा कधी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. भुतानं का होईना, कुणी इतकं सुंदर वाजवत असेल तर पळून तरी कसं जायचं?

दुसरा तुकडा संथ. तोच, लांडग्याचा. तिचा चेहरा हळूहळू निवळत गेला. शेजारच्या खोलीत मोठी माणसं बोलत असली की मूल निर्धास्त झोपतं, तसा. हात थांबला होता, थरथर नव्हती. तो लांब सूर जवळ यायला लागला. एक ओळ… अर्धी ओळ… आणि तिचे गुडघे चेलोच्या कुशींवर हलकेच मिटले. तिला हे मी कधी सांगितलं नव्हतं. तिच्या गुरूंनी नळी बसव म्हणून सांगितलं होतं, ती नळीसुद्धा त्या दिवशी तिनं काढून ठेवली होती.

सूर लागला. स्वच्छ. लांडगा कुठल्या कुठे. तो लांबला, लांबला, तिचा गज संपला, तिनं तो तारेवरून उचलला… आणि सूर चालूच राहिला. एक अख्खा श्वासभर. मग जमिनीत उतरून गेला.

 पलीकडून बाईंचा आवाज आला, "धन्यवाद, नंबर चार."

मी तिला विंगेतून बाहेर बोळात नेलं. तिनं माझा दंड घट्ट धरला होता.

"मामा… ते मी नव्हते."

"हळू बोल."

"मला माझा चेलो ऐकूच येत नव्हता. पहिल्या तीन ओळींनंतर… अण्णा वाजवत होते. तू ऐकलंस ना? खरं सांग."

मी मान खाली घातली. तिला त्यातच उत्तर मिळालं.

"मग मी ही जागा घेणार नाही," ती म्हणाली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "दोनदा नापास झाले ती मी होते. आज पास झाले तर ते अण्णा. मेलेल्या माणसाच्या जिवावर आयुष्यभर बसू? रोज वाटेल, चोरी केली."

"आधी निकाल तर लागू दे. बाजारात तुरी…"

"मामा, थट्टा नको."

पाचवा उमेदवार वाजवून गेला. त्याची सळी मी पुन्हा फळीवरच ठेवली, माझी हिंमत झाली नाही. अर्ध्या तासानं निकाल आला. नंबर चार. चिमणी तशीच भिंतीला टेकून बसली. "तू सांगतोस की मी सांगू?" एवढंच म्हणाली. तिचं तोंड बघून मला माझीच लाज वाटली. खुर्ची तिथे मांडली कुणी? मीच ना. मी म्हटलं, थांब, मी जातो.

बाकीचे परीक्षक चहा घ्यायला गेले होते. प्रेक्षागृहात बाई एकट्याच, मधल्या रांगेत, कागद आवरत. एका टेबलदिव्याचा उजेड, मागे सगळ्या रांगा काळोखात.

"बाई, नंबर चार माझी भाची."

"आत्ताच यादी उघडली. अभिनंदन, मामा."

"ते वादन तिचं नव्हतं, बाई."

"मग कुणाचं?"

"अण्णांचं," मी म्हणालो. खुर्ची कुठे मांडली, सळी कशी आत गेली, वास, सगळं सांगितलं. वाटलं, आता हसतील, नाहीतर ओरडतील. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"मामा, अण्णांपासून पाच हातांवर मी बावीस वर्षं बसले. त्यांचा एक सूर झोपेत ऐकला तरी ओळखेन. आज आम्ही ऐकलं ते अण्णांचं नव्हतं. पहिल्या तीन ओळींत गज थरथरला, एक सूर चढा लागला. मग भीती गेली. आवाज लहान आहे पोरीचा, पण स्वतःचा आहे. बोट जरा घाईनं हलवते, ते सुधारेल. आणि तो लांब सूर! पाचही जणांनी पेन खाली ठेवलं होतं. अण्णांची नक्कल असती तर मी तिथेच काट मारली असती."

मी खाली बसलो, चक्क पायरीवर. म्हणजे पडद्यापलीकडे पोरगीच ऐकू आली होती. फक्त आमच्या बाजूला अण्णा. तिला स्वतःची भीती ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी तिचे कान भरून टाकले होते, आणि हात तिचा तिला मोकळा ठेवला होता. आपल्यात म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. अण्णांची मेल्यावरही गेली नाही. जिवंतपणी शेजारच्या वाजवणाऱ्यालाही ते असंच सांभाळून घ्यायचे. मी रडलो, बाईंच्या समोर. लाज नाही वाटली.

"पण एक राहिलंय," बाई म्हणाल्या. आवाज उतरला होता. "त्या लांब सुराच्या आधी कुणी तरी बोललं. स्पष्ट. 'गुडघे, पोरी… गुडघे.' पुरुषाचा आवाज, म्हातारा. पाचही जणांनी ऐकला."

आमच्या बाजूला असला कुठलाही आवाज झाला नव्हता. मी शपथेवर सांगतो.

"बाहेरचं कुणी आत लपून सांगत असेल, तर सगळी परीक्षा रद्द करावी लागेल. आणि तिची ही तिसरी. ती मोजली जाईल. तुम्ही बोलला असाल, तर नियम वेगळा. शिक्षा तुम्हाला. तिच्या जागेला धक्का नाही." त्यांनी पेन हातात घेतलं. "तुम्ही बोललात का, मामा?"

विचार करायला कितीसा वेळ लागणार?

"मीच बोललो, बाई. राहवलं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कागदावर लिहिलं, सही केली, टोपण लावलं. आणि उठता उठता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी लिहिलंय तसं. पण तुमच्या कानावर घालून ठेवते. आवाज पडद्याकडून नव्हता आला."

"मग?"

"आमच्या पाठीमागून आला. नवव्या-दहाव्या रांगेतून."

दिवा तसाच ठेवून त्या निघून गेल्या. जरा भरभरच गेल्या, आणि मागे वळून बघितलं नाही.

महिन्याभरानं मला घरी बसवलं. त्याचं काही वाटत नाही. बाईंचे शब्द मी चिमणीला जसेच्या तसे सांगितले. थरथर, चढा सूर, घाईचं बोट, सगळं. चुका ऐकल्या तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला, आणि मग ती खरी रडली. जागा तिनं घेतली. आज ती तिथेच बसते, आणि लोक तिला ऐकायला येतात. पण त्या दुपारचं अजून थोडं सांगायचं राहिलंय.

बाई गेल्यावर मी उठलो. आणि मागच्या रांगांकडे गेलो. प्रेक्षागृहातल्या खुर्च्या स्प्रिंगच्या. माणूस उठला की बूड आपोआप वर मिटतं. सातवी रांग, सगळी बुडं मिटलेली. आठवी, मिटलेली. नवव्या रांगेत मधली एक खुर्ची उघडी होती. खाली. माणूस बसल्यासारखी.

एकतीस वर्षं खुर्च्या हाताळलेला माणूस मी. म्हटलं, स्प्रिंग तुटली असेल. बुडाखाली हात घातला आणि वर उचलली. हलली नाही. जोर लावला… हलली नाही. वजन होतं तिच्यावर. आणि हाताला कापड कोमट लागलं.

तेवढ्यात पडद्याआड चिमणीनं वाजवायला सुरुवात केली. माझी वाट बघून बोळातून परत स्टेजवर आली असेल, एकटीच. तोच संथ तुकडा. मी आता या बाजूला होतो, म्हणून मला पहिल्यांदा तिचं ऐकू आलं. लहान आवाज. जरा घाईचं बोट. पण काय गोड हो! माझ्या बहिणीची पोर ती, आणि असं वाजवते, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मी हात काढून घेतला आणि अंधारात उभा राहून ऐकत राहिलो. शेजारी कुणी तरी ऐकतंय हे मला कळत होतं. श्वास नव्हता, हालचाल नव्हती. तरी कळत होतं.

लांब सूर आला, स्वच्छ आला, संपला.

आणि त्या खुर्चीच्या शेजारची खुर्ची, जी मिटलेली होती, ती कुरकुरली… आणि हळूहळू खाली आली. आपल्या माणसासाठी कुणी जागा धरावी, तशी. माझ्या अगदी गुडघ्याशी.

मी बसलो नाही.